मान आखडली? वावरात राबणाऱ्यांसाठी घरची फिजिओथेरपी

विदर्भात दिवाळी आटोपून कापसाची वेचणी जोरात आली की मानेच्या तक्रारी वाढतात. धानपट्ट्यात रोवणीच्या (भातलावणीच्या) दिवसांत तेच. फिजिओथेरपीसाठी माझ्याकडे येणाऱ्या माणसाच्या गळ्यात बहुतेक वेळा पट्टा आधीच असतो, पिशवीत एक्सरे असतो, दोन-तीन सुया टोचून झालेल्या असतात आणि कोणीतरी सांगितलेलं असतं, "मणक्यात गॅप आला, आता ओझं उचलायचं नाही." ओझं न उचलता वावर कसं सांभाळायचं, हे मात्र सांगायला कोणी बसत नाही.

या लेखात तेवढंच सांगायचं आहे. साधी मानदुखी पट्टा बांधून आणि पडून राहून बरी होत नाही. दिवसभरात थोडी थोडी, पण वारंवार केलेली हालचाल आणि खांद्यामागच्या स्नायूंची ताकद, या दोन गोष्टी तिला बऱ्या करतात. त्यासाठी लागणारं सामान घरातच आहे: एक भिंत, टॉवेल, गोधडी आणि सायकलची जुनी ट्यूब.

दुखतं ते नेमकं काय

मानेत सात मणके असतात. वरचे दोन सोडले तर प्रत्येक दोन मणक्यांमध्ये एक गादी असते. मणक्यांच्या बाजूने नसांच्या आठ जोड्या निघतात. त्यांतल्या खालच्या नसा खांद्यातून थेट बोटांपर्यंत जातात. डोक्याचं वजन साधारण साडेचार ते पाच किलो. मान सरळ असते तेव्हा हे वजन मणक्यांवर नीट बसतं. मान खाली गेली की तेच वजन मागच्या स्नायूंना ओढून धरावं लागतं, आणि जितकं जास्त वाकाल तितका त्यांच्यावरचा भार कित्येक पटींनी वाढतो.

कापूस वेचणारी बाई एकदा जवळून बघा. कंबर थोडी वाकलेली असते आणि मान तिच्याहून जास्त. बोंडाची वाळलेली टोकं बोटात घुसू नयेत म्हणून नजर बोंडावरून हलत नाही. दोन्ही हात पुढे, आणि तिच्या नकळत खांदे कानांकडे चढलेले. ओटी (वेचलेला कापूस ठेवायची झोळी) भरत जाते तशी ती पुढे ओढते आणि पाठ आणखी वाकते. ओळ संपून धुरा (वावराचा बांध) येईपर्यंत मान वर होत नाही.

स्नायू असा तासन्‌तास आवळून राहिला की त्यातून रक्त नीट फिरत नाही, तो थकतो आणि दुखायला लागतो. सगळ्यात आधी ओरडतो तो मानेपासून खवाट्याच्या वरच्या आतल्या कोपऱ्यापर्यंत जाणारा स्नायू. खवाटा म्हणजे पाठीवरचं खांद्याचं चपटं हाड. "इथं गाठ आली जी" म्हणून लोक बोट ठेवतात ती जागा हीच. ती गाठ म्हणजे आवळलेला स्नायू असतो आणि दाबून दाबून ती जात नाही. मानेच्या वरच्या भागातलं दुखणं डोक्याच्या मागून कपाळापर्यंतही चढतं, मग माणूस महिनोन्‌महिने डोकेदुखीच्या गोळ्या खातो.

आता 'गॅप'बद्दल. वय वाढतं तशा गाद्यांमधलं पाणी कमी होतं, त्या थोड्या बसतात, मणक्यांच्या कडांना हाड वाढतं. केस पिकण्याइतकीच ही वयाची खूण आहे. चाळिशी-पन्नाशीनंतर ज्यांची मान कधीच दुखली नाही अशांच्याही एक्सरेत हे सर्रास दिसतं. त्यामुळे नुसत्या एक्सरेवरून दुखण्याचं कारण ठरत नाही, आणि 'गॅप' दिसला म्हणून हालचाल बंद करणं तर अगदीच चुकीचं.

व्यायामाआधीची तपासणी

हा भाग ओलांडून पुढे जाऊ नका. खालीलपैकी काहीही असेल तर घरचा उपाय थांबवा आणि दवाखाना गाठा.

- झाडावरून, बैलबंडीवरून, मोटरसायकलवरून पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं. अशा माणसाची मान हलवू नका, त्याला उठवून बसवू नका, १०८ ला फोन करा.
- ताप, जोराची डोकेदुखी, उलटी आणि मान पुढे वाकवता न येणं. मेंदूच्या आवरणाला सूज आल्याचं हे लक्षण असू शकतं. लहान मुलाच्या बाबतीत तर एक तासही दवडू नका.
- संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं. मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे अजून दिसतो. ज्यांना पूर्वी कॅन्सर झाला आहे त्यांनीही थांबू नये.
- हाताची ताकद कमी होणं. भाकर थापताना हात पडतो, विळा मुठीतून सुटतो, सदऱ्याची गुंडी लावता येत नाही.
- चालताना पाय अडखळणं, पायातली चप्पल नकळत निसटणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, मान वाकवताच पाठीतून पायापर्यंत करंट गेल्यासारखं वाटणं. इथे मज्जारज्जूवर दाब येत असण्याची शक्यता असते. हे लोक फार उशिरा येतात, कारण त्यांना मान फारशी दुखतच नाही.
- मानेबरोबर जबडा, छाती, डावा हात दुखणं आणि घाम फुटणं. ते हृदयाचं असू शकतं.
- अचानक आलेली जोराची मानदुखी आणि सोबत चक्कर, एकाची दोन माणसं दिसणं, बोलणं अडखळणं.

आपल्या भागासाठी आणखी एक. फवारणीवरून आलेल्या माणसाचं डोकं-मान दुखत असेल आणि त्याला घाम, मळमळ, अंधारी, तोंडाला पाणी सुटणं असं काही होत असेल तर मानेला शेक देत बसू नका. ती विषबाधा असू शकते. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. अंगावरचे कपडे काढा, साबणाने अंग धुवा, फवारणीच्या औषधाचा डबा सोबत घ्या आणि थेट रुग्णालयात न्या.

यांतलं काहीच नसेल तर दुसरा प्रश्न: दुखणं मानेतच आहे की हातात उतरतं? हातात मुंग्या, जळजळ, बधिरपणा असेल तर कोणत्या बोटांत ते नीट बघा. अंगठा-तर्जनीकडे जात असेल तर बहुधा सहावी नस, मधल्या बोटात असेल तर सातवी, करंगळीच्या बाजूने असेल तर आठवी. एक सोपी खूण आहे. दुखऱ्या बाजूचा हात उचलून तळवा डोक्यावर ठेवा. असं केल्यावर हातातली कळ हलकी होत असेल तर मानेतली नस दाबली जात असल्याचा संशय घ्यावा. रात्री माणूस हात उशाशी घेऊन झोपतो तो यामुळेच. नस दबली म्हणजे ऑपरेशनच, असं अजिबात नाही. यातलेही बरेच लोक काही आठवड्यांत बरे होतात, फक्त व्यायाम जपून करायचे आणि ताकदीवर लक्ष ठेवायचं.

शेवटी आजची मान कुठे आहे ते मोजून ठेवा. खुर्चीत ताठ बसा. हनुवटी छातीला किती टेकते, दोन्ही खांद्यांवरून मागचं किती दिसतं, कान खांद्याकडे किती जातो, ते बघून भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन शब्द लिहा. दुखण्याचं मोजमाप मी आण्यांत विचारते (जुन्या रुपयाचे आणे सोळा). दहापैकी किती, असं म्हटलं की म्हातारी माणसं गोंधळतात, "काकाजी, रुपयातून किती आणे दुखते?" असं विचारलं की लगेच उत्तर येतं, "बारा आणे हाय जी." आणेवारी ज्यांनी आयुष्यभर ऐकली त्यांना हेच माप जवळचं.

पहिले दोन-तीन दिवस

सकाळी उठलो आणि मान एका बाजूला अडकली, असं झालं असेल तर पहिल्या दिवशी ओझं आणि वाकून करायचं काम टाळा. पण बाजेवर पडून राहू नका. घरात फिरा, हलकी कामं करा.

शेक पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. गरम पाण्याची पिशवी नसेल तर खडं मीठ तव्यावर गरम करून जाड फडक्यात पुरचुंडी बांधा. साखरेचा आजार असलेल्यांनी चटका कळत नाही म्हणून आधी दुसऱ्याच्या हाताला लावून बघावी. लचक ताजी असेल आणि थंड बरं वाटत असेल तर ओल्या फडक्यात बर्फ गुंडाळून दहा मिनिटं ठेवला तरी चालतो. गरम की थंड यावर फार डोकं लावू नका. जे बरं वाटतं ते.

शेकून झालं की लगेच आडवं पडून मान सावकाश उजवीकडे-डावीकडे वळवा, दुखणं सुरू होतं तिथपर्यंतच. दहा-दहा वेळा, दर दोन तासांनी. आडवं पडल्यावर डोक्याचं वजन उशीवर असतं, म्हणून आखडलेली मानही थोडी वळते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बसून करून बघा.

व्यायाम

नियम आधी. व्यायाम करताना दुखणं दोन-चार आण्यांनी वाढलं आणि अर्ध्या तासात परत उतरलं तर काही बिघडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वाढलेलंच राहिलं तर मोजणी निम्मी करा. आणि कळ किंवा मुंग्या हातात आणखी खाली सरकू लागल्या तर तो व्यायाम बंद. उलट हातातलं दुखणं वर सरकत मानेकडे गोळा होत असेल तर घाबरू नका, मान तेव्हा थोडी जास्त दुखली तरी ते सुधारण्याचंच लक्षण आहे. झटके द्यायचे नाहीत, श्वास रोखायचा नाही, आणि मान गोल गोल फिरवायची नाही.

*पहिला: हनुवटी मागे.* सगळ्यात कामाचा आणि सगळ्यात जास्त चुकणारा. शंभरदा सांगितलं तरी माणूस हनुवटी खाली घालतो.

"मावशी, खाली नाही, मागे घ्या."

"मांगं म्हणजे कुठं जी?"

मग मी तळवा झटकन त्यांच्या तोंडासमोर नेते. डोकं आपोआप सरळ मागे जातं, नजर समोरच राहते, गळ्याशी दुहेरी हनुवटी होते. "हेच!"

घरी करताना भिंतीला पाठ, ढुंगण आणि खवाटे टेकून उभे राहा. नजर समोर. हनुवटी सरळ मागे घ्या, डोक्याची मागची बाजू भिंतीकडे सरकली पाहिजे. डोक्याचा मागचा भाग वरच्या बाजूला ताणला जातोय असं वाटेल. पाच मोजेपर्यंत धरा, सोडा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. ज्यांची पाठ पोक काढून बसलेली आहे त्यांचं डोकं भिंतीला टेकणार नाही. मधे घडी केलेला टॉवेल ठेवा.

*दुसरा: झोपून होकार.* मानेच्या पुढच्या बाजूला, गळ्याच्या आत, बारीक स्नायू असतात. दुखऱ्या मानेत ते सुस्तावतात आणि मग वरचे जाड स्नायू सगळा भार घेतात. सतरंजीवर उताणे झोपा, गुडघे उभे, डोक्याखाली पातळ घडी. लहान मुलाला हळूच 'हो' म्हणावं इतकीच हनुवटी आत घ्या. डोकं उचलायचं नाही. बोटांनी गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या दोऱ्या चाचपा. त्या कडक झाल्या तर जोर जास्त लागतोय. पाच मोजा, हळूहळू दहापर्यंत न्या. दहा वेळा. व्यायाम केला असं वाटतच नाही म्हणून लोक हा सोडून देतात. सोडू नका.

*तिसरा: ताण.* खुर्चीत बसा, उजव्या हाताने खुर्चीची कड खालून धरा म्हणजे खांदा वर चढणार नाही. डावा कान डाव्या खांद्याकडे झुकवा. डावा हात डोक्यावर नुसता ठेवा, ओढू नका. उजव्या बाजूला ताण जाणवेल. वीस ते तीस मोजेपर्यंत थांबा, तीनदा, मग दुसरी बाजू. खवाट्याच्या कोपऱ्यातली 'गाठ' दुखत असेल तर त्याच बैठकीत नाक विरुद्ध बाजूच्या काखेकडे वळवून मान तिरपी खाली घ्या. ताण नेमका त्या जागी पोचतो. हातात मुंग्या येत असतील तर दोन्ही ताण सध्या सोडून द्या.

*चौथा: हाताचा रेटा.* तळवा कपाळावर ठेवा. डोकं पुढे ढकला, हाताने अडवा. मान जागची हलता कामा नये. जोर चार आणे, सोळा आणे नाही. पाच ते सात मोजा. मग डोक्यामागे हात ठेवून मागे, मग दोन्ही कानांच्या वर. प्रत्येक बाजूला पाचदा. मान हलवताच दुखते अशांना पहिल्या आठवड्यात हाच सगळ्यात सोयीचा पडतो.

*पाचवा: खवाटे जवळ.* मानदुखी परत परत येणाऱ्यांनी हा आयुष्यभर करावा असं माझं मत आहे. बसून किंवा उभ्याने खांदे आधी खाली सोडा, मग दोन्ही खवाटे एकमेकांकडे आणि किंचित खाली ओढा. पाच मोजा, सोडा. दहा वेळा. आठवड्याभराने सायकलची जुनी ट्यूब घ्या. ती कापून मधोमध खिडकीच्या गजाला, बेंबीच्या उंचीवर गुंडाळा. दोन टोकं दोन हातांत, कोपरं बरगड्यांना लागून. ट्यूब पोटाकडे ओढा, खवाटे जवळ आणा, आणि सोडताना घाई न करता सोडा. दहाचे दोन फेरे, एक दिवसाआड. ट्यूबला चिरा पडलेल्या असतील तर ती घेऊ नका. तुटली तर तोंडावर बसते.

*सहावा: पाठ मोकळी करणं.* मानेखालची पाठ ताठ असेल तर वर बघायचं सगळं काम मानेलाच करावं लागतं. संत्रा तोडणारे, विजेच्या तारांची किंवा पंख्याची फिटिंग करणारे यांना हे चांगलं कळेल. गोधडीची घट्ट वळकटी करा, मनगटाहून थोडी जाड. ती खवाट्यांच्या खालच्या टोकांशी आडवी ठेवून उताणे झोपा, डोक्याखाली उशी असू द्या. हात डोक्याकडे पसरा, पाच-सहा श्वास घ्या. मग वळकटी दोन बोटं वर सरकवा आणि पुन्हा. मानेखाली मात्र वळकटी आणू नका. हाडं ठिसूळ झालेल्या म्हाताऱ्या माणसांनी वळकटीऐवजी टॉवेलची पातळ घडी घ्यावी, नाहीतर खुर्चीच्या पाठीवरून हलकेच मागे रेलावं.

*सातवा: नसेची हालचाल.* ज्यांच्या हातात मुंग्या येतात त्यांच्यापुरताच. हात बाजूला खांद्याच्या थोडा खाली सरळ करा, तळवा वर. मनगट मागे वळवताना मान त्याच हाताकडे झुकवा, मनगट सोडताना मान सरळ करा. ताण धरून ठेवायचा नाही, पुढे-मागे सरकवायचं. आठ-दहा वेळा, दिवसातून दोनदा. मुंग्या वाढून तशाच राहिल्या तर बंद करा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा.

इतके सगळे व्यायाम पहिल्याच दिवशी सुरू करू नका. पहिल्या आठवड्यात पहिला, चौथा आणि आडवं पडून मान वळवणं. दुसऱ्या आठवड्यात दुसरा, तिसरा आणि ट्यूबशिवाय पाचवा जोडा. तिसऱ्यापासून ट्यूब आणि पाठीचा. सकाळी चुलीवर पाणी तापेपर्यंत आणि रात्री झोपण्याआधी, असे दोनदा दहा-बारा मिनिटं काढली तरी पुरतात.

वावरात आणि घरात काय बदलायचं

व्यायाम वीस मिनिटं आणि वाकणं आठ तास, असं असेल तर जिंकणार वाकणंच. म्हणून हा भाग व्यायामाइतकाच महत्त्वाचा.

*वेचणी, निंदण, सोंगणी, रोवणी.* ओळीच्या टोकाला धुऱ्यावर पोचलं की सरळ उभे राहा, हनुवटी मागे पाचदा, खवाटे जवळ पाचदा. मिनिटभराचं काम आहे, रोजी बुडत नाही. सोबतच्या बायांनीही केलं तर कोणी हसत नाही. ओटी गळ्यात किंवा एका खांद्याला अडकवण्यापेक्षा कमरेला बांधा आणि अर्धी भरली की रिकामी करा. निंदताना, सोंगताना हात आपल्याजवळ ठेवा; लांब हात करून विळा चालवला की खांदे चढतात. रोवणीत परे (भाताची रोपं) टाकणाऱ्याने पेंढ्या जवळ जवळ टाकल्या तर वाकलेल्या स्थितीत मान वळवत लांब हात मारावा लागत नाही.

*फवारणीचा पंप.* सोळा लिटरच्या पंपात पाणीच सोळा किलो, वर पंपाचं वजन. दुखऱ्या मानेने तो भरून उचलायचा नाही. दहा लिटर भरा, दोन फेऱ्या जास्त मारा. पंप जमिनीवरून पाठीवर झटक्याने घेण्याऐवजी धुऱ्यावर, बंडीवर किंवा ओट्यावर ठेवून पट्ट्यांत हात घाला. पट्टे रुततात म्हणून अनेक जण खांद्यावर दुपट्ट्याची घडी ठेवतात. तो दुपट्टा औषध पितो आणि दिवसभर कातडीला चिकटून राहतो, म्हणून घडीवर प्लास्टिक गुंडाळा आणि ती रोज वेगळी धुवा. हाताचा दांडा मारायचा पंप असेल तर हात बदलता येतो का बघा.

*डोक्यावरचं ओझं.* गुंडभर पाणी, सरपणाची मोळी, वैरणीचा भारा. निरोगी, सवयीची मान हे पेलते. पण हातात मुंग्या येत आहेत तोवर डोक्यावर काहीही घेऊ नका. पाणी दोन लहान भांड्यांत, दोन हातांत सारखं वाटून आणा. मोळी दोन खेपांत करा, नाहीतर सायकलला बांधा. बरं झाल्यावर पुन्हा सुरुवात निम्म्या ओझ्याने. चुंबळ जाड आणि रुंद हवी, आणि ओझं डोक्यावर चढवायला-उतरवायला दुसऱ्याचा हात हवा. लचक भरते ती चालताना कमी आणि एकट्याने भारा डोक्यावर फेकताना जास्त.

*बसून करायची कामं.* भंडारा-गोंदियाकडे बिड्या वळणाऱ्या बाया सूप मांडीवर ठेवून तासन्‌तास मान खाली घालून बसतात. मांडीवर आधी उशी ठेवून त्यावर सूप ठेवलं की काम चार बोटं वर येतं, मान तितकी कमी वाकते. पाठ भिंतीला टेकवा. शिलाई मशीनवर स्टूल इतकं उंच असू नये की पूर्ण ओणवं व्हावं लागेल. भाजी निवडणं, डाळ पाखडणं हेही ओट्यावर किंवा टेबलावर करता आलं तर बरं.

मोबाईलबद्दल फार लिहीत नाही. पोरं ऐकत नाहीत, आणि आता पोरंच काय, आजीही सिरीयल त्यावर बघतात. कोपराखाली उशी घ्या, मोबाईल डोळ्यांसमोर उचला आणि बाजेवर पोटावर पडून बघणं बंद करा. इतकं केलं तरी खूप झालं.

झोप

कुशीवर झोपताना कान आणि खांद्यामधली जागा भरून निघेल इतकी उशी. उताणे झोपताना त्याहून पातळ. पोटावर झोपू नका, रात्रभर मान एका बाजूला पिळलेली राहते. कापसाची उशी वर्षभरात गोळे होऊन दगड होते, ती पिंजून घ्या. झोळ पडलेल्या बाजेची दोरी कसून घ्या किंवा बरं वाटेपर्यंत खाली सतरंजीवर झोपा. जागलीला माळ्यावर झोपणाऱ्यांनी हाताची घडी उशाला घेण्याऐवजी पोत्यात तणस (धानाचा पेंढा) भरून उशी करावी.

पट्टा, सुई आणि सलूनातला कडाका

मानेचा पट्टा फार तर दोन-चार दिवस, तोही फार दुखत असेल तर आणि एसटीच्या खडखडाटात. महिनोन्‌महिने घातला की स्नायू आणखी दुबळे होतात आणि मग पट्टा काढला की भीती वाटते. (मार लागल्यावर किंवा ऑपरेशननंतर डॉक्टरांनी दिलेला पट्टा वेगळा, तो मनाने काढू नका.)

दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारून, जेवून आणि मोजक्या दिवसांसाठीच. उन्हात राबून अंगातलं पाणी कमी झालेलं असताना, किंवा बीपी, किडनी, अल्सरचा त्रास असताना या गोळ्या घात करतात. नाव नसलेल्या पुडीतल्या गोळ्या तर घेऊच नका. त्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, म्हणून त्या पहिल्या दिवशी जादू करतात आणि पुढे साखर, हाडं, पोट बिघडवतात.

मालिश हलक्या हाताने केली तर बरं वाटतं, जरूर करा. पण दाढी झाल्यावर सलूनात डोकं धरून 'कट्ट' आवाज येईपर्यंत मान मोडायला देऊ नका. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांमधूनच वर जातात. झटक्याने त्यांची भिंत चिरली जाऊन अर्धांगवायू होऊ शकतो. असं क्वचित होतं, पण ज्याला होतं त्याचं आयुष्य बदलतं. "फक्त दाढी करा भाऊ, मान नको," इतकं म्हणायला लाजू नये.

किती दिवस आणि कुठे दाखवायचं

अचानक आखडलेली मान आठवडाभरात बरीच मोकळी होते आणि काही आठवड्यांत कामाला लागते. जुनं, वर्षानुवर्षांचं दुखणं असेल तर ताकद यायला सहा-आठ आठवडे लागतात. त्याआधी "काही फरक नाही" म्हणून सोडू नका. कॅलेंडरवरची नोंद बघा. आणे कमी झाले नसले तरी मान जास्त वळते का, झोप लागते का, दिवसात किती उशिरा दुखायला लागते, यावरून सुधारणा आधी कळते. पुढच्या हंगामात दुखणं परत येऊ शकतं. वेचणी सुरू होण्याच्या महिनाभर आधी ट्यूब बाहेर काढली तर त्याचा जोर कमी राहतो.

तीन-चार आठवडे नीट व्यायाम करूनही काहीच फरक नसेल, किंवा हातातल्या मुंग्या दोन आठवड्यांत कमी झाल्या नाहीत, तर तपासून घ्या. सुरुवात गावच्या आशाताईकडून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून करा. ई-संजीवनी या सरकारी सेवेवरून मोबाईलवर डॉक्टरांशी बोलताही येतं. फिजिओथेरपीसाठी जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात विचारा; वर्ध्याच्या लोकांना सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय जवळ आहे, नागपूरच्या मेडिकलमध्ये (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात) तर फिजिओथेरपीचं शिक्षणही दिलं जातं. खाजगीत जाणार असाल तर फिजिओथेरपीची पदवी आणि नोंदणी विचारून घ्या. नुसतं मशीन लावून दहा दिवस बोलावत असतील आणि एकही व्यायाम शिकवत नसतील तर तुमचे पैसे आणि रोजी दोन्ही वाया जात आहेत.

जाताना खात असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, जुना एक्सरे असेल तर तोही. कोणत्या बोटांत मुंग्या येतात आणि दिवसभर काय काम करता ते सांगा, जमलं तर ते काम करून दाखवा. आणि कपडे सैल घाला. खवाटे बघितल्याशिवाय मानेची तपासणी पुरी होत नाही.